नादारीचे माड

सर,

काल शाळेतून एक तरुण शिक्षिका आल्या होत्या. शाळेची स्मरणिका निघतेय, तुमच्यावर दोन पानं लिहून द्या म्हणाल्या, आणि जाता जाता, "मुलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा हं," असंही सांगून गेल्या. मला हसूच आलं. हातात शहाळं, मिशीला पाणी लागलेलं आणि समोर वाडीचा मालक कपाळाला हात लावून बसलेला, असे तुम्ही माझ्या डोळ्यांपुढे आलात. तुम्हाला प्रेरणेत कसं बसवायचं ते काही सुचेना, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली. मी स्वतः निवृत्त होऊन म्हातारी झाले. तरी कागदावर 'सर' लिहिलं आणि पाठ आपोआप ताठ झाली, हे सांगितलं तर तुम्हाला बरंच वाटेल.

तुम्ही देणगी मागायला निघालात की चौलपासून रेवदंड्यापर्यंत बातमी तुमच्या आधी पोचायची. काखेत छत्री, पायात करकरणाऱ्या वहाणा. त्या वहाणा वाजल्या की वाडीतले पुरुष रहाटाच्या आडोशाला जायचे. माझी आई रोजाने वाड्यांतून झावळ्या गोळा करायची, हिराचे खराटे बांधायची, आणि शाळा सुटली की मीही तिच्याबरोबर असायचे, म्हणून हा खेळ मी कितीदा तरी पाहिलाय. मालकीण पुढे येऊन सांगायची, "मालक घरी न्हाईत हो." तुम्ही म्हणायचात, "असू दे. मी मालकांकडे आलोच नाही. तहान लागली म्हणून आलो." मग शहाळं यायचं. तुम्ही ते सावकाश प्यायचात, फोडून घ्यायचात, मलई खायचात, नातवंडांची नावं विचारायचात, गायीची चौकशी करायचात. रहाटामागे डास चावून मालक बेजार व्हायचे आणि शेवटी खाजवत खाजवत बाहेर यायचे. "पैसे नकोत," तुम्ही लगेच म्हणायचात. "तुमचा एक माड द्या. माड तुमच्याच वाडीत राहील. नारळ तेवढे शाळेचे." पैसे नकोत म्हटल्यावर माणूस सैल पडतो, हे तुम्हाला बरोबर माहीत होतं. नंतर ओसरीवर बसून मालक बायकोला म्हणायचे, "शहाळं पिऊन माड नेला मास्तरानं!"

आजच्या मुलांना 'नादारी' हा शब्दच ठाऊक नाही. तेव्हा आपली शाळा गावातल्या चार मंडळींनी काढलेली, संस्थेची. सरकारी अनुदान येईल तेव्हा येईल, मुलांच्या फीवरच सगळं चालायचं. ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी नादारीच्या जागा असत, पण त्यांचा खर्च कुठून तरी आणावा लागे. दुसऱ्या शाळांतून नादारीच्या मुलांची नावं फळ्यावर लागत. तुम्ही ती पद्धतच मोडून टाकलीत. कोण नादार आहे ते तुम्हाला आणि त्या मुलाच्या घरच्यांना ठाऊक, बाकी कोणाला नाही. संस्थेचे अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक होते. ते सगळ्या जागांचा खर्च एकटे उचलायला तयार होते. अट एकच, स्नेहसंमेलनात त्या मुलांनी रांगेने येऊन त्यांना हार घालायचे. तुम्ही म्हणालात, "मुलं शिकायला येतात, हार घालायला नाही." झालं, अध्यक्ष रुसले. जागा तीनच राहिल्या आणि तुम्ही वहाणा घालून माड मागायला बाहेर पडलात.

चौथी मी होते. आठवीपर्यंतची फी माझा मामा मुंबईहून पाठवत होता. त्याची गिरणीतली नोकरी सुटली आणि नववीचं काय, हा प्रश्न आमच्या घरात येऊन बसला. आईच्या एका लांबच्या बहिणीने दादरला एका घरी माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं, मूल सांभाळायचं आणि भांडी घासायची. जूनपर्यंत चौथ्या जागेपुरते माड जमले नाहीत तर मी दादरला जाणार होते. आई माझं परकराचं कापड उसवून मोठं करत होती, ते शाळेसाठी की दादरसाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

त्यात बाबांचा ताठा. आम्ही भंडारी. बाबा, आजोबा, पणजोबा, सगळे माडी काढणारे. बाबांच्या हाताची माडी प्यायला उरणहून माणसं यायची, असं ते स्वतःच सांगत, तेव्हा थोडं कमी करून घ्या. पण हात खरोखरच चांगला होता. दारूबंदी आली आणि बाबांचा धंदा बसला. माडावर चढणं सुटलं नाही, पण आता ते दुसऱ्यांचे नारळ पाडायला चढत. पायात तोच दोरखंडाचा फास, कमरेला कोयता, फक्त तोंड मिटलेलं. पूर्वी ते वर बसून एवढं मोठ्याने गात की खाली बायका हसत. माडी गेली आणि गाणंही बंद झालं. तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला ओट्यावर घोंगडी टाकून बसवलं, स्वतः पायरीवर बसले आणि तुमचं बोलणं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सर, तुमी देवमाणूस. पन माझी पोर फुकट न्हाय शिकायची. मला काम द्या, मंग तिला शिकवा." तुम्ही उठून वहाणा पायात सरकवल्यात. मग म्हणालात, "ठीक आहे. तुमच्याजोगतं काम काढतो मी."

हे वाक्य लक्षात ठेवा सर. पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

लोकांनी माड दिले, पण कसले दिले! ज्याच्या वाडीत जो सगळ्यांत उंच, सगळ्यांत म्हातारा, खाडीवर कलंडलेला, ज्यावर चढायला माणूस दुप्पट मजुरी मागेल, तो शाळेला. एकाने तर वीज पडून शेंडा जळालेला दाखवला होता, तो तुम्ही छत्रीने ठोकून परत केलात. हे उंच माड म्हणजे बहुतेक पूर्वीचे माडीचेच माड. आणि तुम्ही काय केलंत, तर कुठला माड शाळेचा ते पाडणाऱ्याला कळावं म्हणून होडीवाल्यांकडून डांबर आणलंत आणि शिपायाला बरोबर घेऊन प्रत्येक शाळेच्या माडावर छातीएवढ्या उंचीला मोठे नंबर घातलेत. तुम्ही देशावरचे. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की आमच्याकडे माडावर नंबर पडतो तो एकाच कारणाने. दारूबंदीच्या आधी ज्या माडाला माडी काढायचा परवाना मिळे, त्याच माडावर सरकारी नंबर असायचा. बुंध्यावर नंबर म्हणजे माडी, हे आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तेव्हा बाबांनी काय समजावं? सरांनी 'काम काढतो' म्हटलं. पाठोपाठ नंबर पडले, तेही जुन्या माडीच्या माडांवर. बाबांच्या हिशेबात सगळं चोख जुळलं. सरकारने शाळेला माडीचा परवाना दिला, सरांनी माड घेतले, आणि आता सरांना लागणार तो माडीचा माणूस. त्यांनी माळ्यावरून जुनी मडकी काढली, पत्र्याच्या पेटीतली पातळ पात्याची सुरी काढली आणि सहाणेवर पाणी टाकून टाकून अशी परजली की आई म्हणाली, "आता काय माझा गला कापताव?" पहिल्या दिवशी ते खाडीकडच्या आठ नंबरच्या माडावर चढले. न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधली, रोज सकाळ-संध्याकाळ तिला हलक्या हाताने ठोकलं, टोक कापलं, पुन्हा ठोकलं. पोय असं दहा-बारा दिवस लाडाने घेतल्याशिवाय पाझरत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी खाली झावळ्या ओढत होते आणि वरून गाणं ऐकू आलं. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. वर बघत बघत तिने पदर तोंडाला लावला. पाच वर्षांनी ऐकत होतो आम्ही ते गाणं, आणि आवाज होता तसाच बेसूर होता.

मग ती वैशाखातली सकाळ. नव्या माडाची पहिली माडी ज्याचा माड त्याच्या घरी न्यायची, अशी आमच्यात रीत. माड शाळेचे, म्हणजे मडकं तुमच्या घरी. बाबांनी धुतलेला सदरा घातला, डोक्याला तेल लावलं. तुम्ही माडी पिणारे नाही, एवढी जाण त्यांना होती, म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी मडक्याला आतून चुना लावला होता. चुना लावला की आंबत नाही, गोड नीराच राहते. मडकं डोक्यावर, मागे मी, आणि भर रस्त्याने, सगळ्यांना रामराम घालत आमची वरात निघाली. वाटेत जो तो बाबांना विचारत होता, "काय रं, डोक्यावर काय?" आणि बाबा मान न हलवता सांगत होते, "शालेची माडी!"

तुमच्या मागच्या दारी काकू तांदूळ निवडत होत्या. मडकं पाहून त्या आधी दोन पावलं मागे सरल्या. बाबांनी ते चुलीपासून लांब, अगदी देवघरासमोर ठेवावं तसं ठेवलं. तुम्ही अंगावर नुसता पंचा, तोंडात राखुंडी, असे बाहेर आलात. "सर, पयलं मडकं तुमचं. आठ नंबर पाजरला!" बाबा म्हणाले. तुमच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही. तुम्ही मडक्याकडे पाहिलंत, बाबांकडे पाहिलंत, गुळणी करायला गेलात आणि बराच वेळ गुळणीच करत राहिलात. तेवढ्यात पुढच्या दारी सायकल वाजली. डोक्यावरून मडकं जाताना सगळ्या बाजाराने पाहिलं होतं, मग दारूबंदीच्या हवालदाराने का पाहू नये?

हवालदार आत आले, टोपी काढून काखेत धरली आणि कसंनुसं म्हणाले, "सर, शाळेच्या नावाने माडी काढतात असं रस्त्यात ऐकलं. मला वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय." बाबांचा चेहरा तेव्हा उतरला. त्यांना कळलं. ते काही बोलणार तोच तुम्ही पुढे झालात, मिशीला राखुंडी लागलेली तशीच. "थट्टा नाही, खरं आहे. आणि चूक माझी आहे. माडांवर नंबर मी घातले. यांना काम काढतो असंही मीच म्हणालो. यांनी त्याचा जो अर्थ घेतला तो कोणीही घेतला असता. लिहायचं तर माझं नाव लिहा."

"न्हाय हवालदारसाहेब," बाबा म्हणाले, "चूक माझी. सरांना काय म्हाईत?"

"यांचं ऐकू नका."

"सरांचं ऐकू नका."

हवालदार बिचारे एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत राहिले. शेवटी त्यांनी मडक्यावरचं फडकं उचललं, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "ह्याला तर नुसता गूळ-साखरेचा वास येतोय." बाबांनी अभिमानाने सांगितलं, "चुना लावलाय. नीरा हाय." तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, तेव्हाही नाही. "नीरेलाही परवाना लागतो, आणि तो आमच्याकडे नाही," असं म्हणालात. हवालदारांनी कपाळ पुसलं. "सर, तुम्ही जरा गप्प राहाल का? ऊन चढलं की हीच माडी होईल, मग मला लिहावंच लागेल. त्याच्या आत हे मडकं रिकामं झालं पाहिजे." आणि काकू, ज्यांनी कांदासुद्धा चातुर्मासात घरात येऊ दिला नाही, त्या आत गेल्या आणि पाच वाट्या घेऊन आल्या.

तुमच्या स्वयंपाकघरातला तो अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या अर्ध्या तासांपैकी एक आहे, सर. तुम्ही पंचावर, हवालदार गणवेशात, काकू उंबऱ्याच्या आत, बाबा उंबऱ्याच्या बाहेर, आणि मी मधे. बाबा वाढत होते. काकूंनी आधी बोटाने चाखली, मग "अगदी घोटभर" म्हणाल्या आणि तीन वेळा घोटभर घेतली. हवालदारांना ठसका लागला तेव्हा तुम्ही त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्यात. मडकं उपडं करून दाखवल्यावर ते म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. फक्त ती पोय आजच्या आज सोडा." सायकलवर बसता बसता थांबून त्यांनी बाबांना हळूच म्हटलं, "हात मात्र चांगला हाय तुमचा."

संस्थेच्या सभेत मात्र अध्यक्षांनी ते धरून ठेवलं. शाळेच्या माडावर माडी! माडांचं हे थेर आजपासून बंद, आणि हेडमास्तर कोण ठेवायचे तेही बघू, असं ते म्हणाले, हे आम्हाला शिपायाने येऊन सांगितलं. त्या दिवशी आईने परकर घडी करून दादरच्या पिशवीत ठेवला. पण गोष्ट तोवर गावभर फिरली होती. तुम्ही पंचावर नीरा पिताय आणि हवालदार वाढा-वाढा म्हणतोय, असं सांगून सांगून लोक लोळत होते. ती अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईच्या कानावर गेली. ती हसता हसता खोकली, पाणी प्यायली आणि पुन्हा हसली. मग तिने मुलाला बोलावून सांगितलं, "माझ्या दारातला माड शालेला. नंबर घाला त्यावर, मोठा. आनि मला कोनी वाटीभर न्हाय आनली ती?" तिच्या दारातला म्हणजे गावातला सगळ्यांत भरगच्च माड. आईने दिल्यावर मुलगा बंद काय करणार? त्यानंतर वाडीवाल्यांनाही आपले कलंडलेले माड दाखवायची लाज वाटू लागली, आणि तुम्हाला शहाळी प्यायला वेळ पुरेना.

जून उजाडला तेव्हा नादारीच्या जागा पाच होत्या. आणि बाबांना तुम्ही खरोखरच काम काढलंत. शाळेचे सगळे माड तेच पाडणार, मजुरी न घेता, आणि त्यावर पोर शिकणार. म्हणजे फुकट काहीच नाही. मरेपर्यंत बाबा सांगत असत की शाळेला माणसं माड देतात, मी हात देतो. मी नववीत बसले, अकरावी झाले, पुढे ट्रेनिंग करून तुमच्याच हाताखाली शिकवायला लागले. नादारीचं काम तुमच्यानंतर माझ्याकडे आलं. आता पैसे आखातातून येतात, मुंबईहून येतात, बसल्या जागी येतात. मी तरी फोनवर सांगायचे, "पैसे नकोत, एक माड द्या." पलीकडचा माणूस हसायचा आणि दोन माडांचे पाठवायचा.

तुम्ही ही हकिगत दर निरोप समारंभाला सांगायचात, आणि शेवटी नेहमी म्हणायचात, "चूक माझी होती." बाबा वारले तेव्हा ओट्यावर बसूनही तुम्ही तेच म्हणालात. मी चहाचा कप तुमच्यापुढे ठेवून आत गेले होते.

सर, नंबर घातलेत त्या संध्याकाळी बाबा आठ नंबरच्या माडाशी उभे होते. त्या ओल्या डांबराला हात लावत होते. तुमच्यापुढे यायचा त्यांना संकोच, म्हणून त्यांनी मला विचारलं, "गो, तू शालेत असतंस. सरांनी ह्ये माडीसाठीच घेतलंत ना?" तुम्ही त्याच दिवशी सकाळी वर्गात आम्हाला सांगितलं होतं की हे माड नारळासाठी आहेत. मला सगळं माहीत होतं. मी चौदा वर्षांची होते, काही लहान नव्हते. पकडले गेलो तर नववी गेली, हेही कळत होतं. पण ते वर शेंड्याकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्याही माडाकडे तसं बघताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "व्हय." मग रोज ठरवायचे, उद्या सांगू. मग गाणं सुरू झालं. मग कसं सांगणार?

त्या सकाळी तुम्ही 'चूक माझी' म्हणालात तेव्हा बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवून हवालदारांना म्हणाले, चूक माझी. पुढे कधी त्यांनी विषय काढला नाही. तुम्ही दोघं एका चुकीवरून भांडत होतात आणि जिची चूक ती तुमच्यामधे उभी राहून नीरा पीत होती.

स्मरणिकेची दोन पानं मी आज सकाळी लिहून पाठवली. त्यांत वहाणा आहेत, शहाळी आहेत, हवालदार आहेत, काकूंचा घोटही आहे. चूक मात्र मी तुमच्याकडेच ठेवली आहे. हे कागद त्यांत घातले नाहीत, आणि घालणारही नाही. बाबांनी आज विचारलं असतं तरी मी व्हयच म्हटलं असतं.